कॉपर जिराफची अडकणारी रेकॉर्ड

मित्रांनो, आधी एक गोष्ट मिटवून टाकू. मी ताट नाही. मी पिंपाचं झाकण नाही. आणि भिंतीवरचं घड्याळ तर मी मुळीच नाही. मी एक जुनी रेकॉर्ड आहे. काळी, गोल, मधोमध भोक असलेली. माझ्यावर सुई ठेवली की मी गाते. एवढंच माझं काम. हे साधं काम मला नीट करू द्यावं, असं आजवर फार थोड्या माणसांना वाटलं. म्हणून आज बोलायला बसले आहे.

माझा जन्म कलकत्त्याच्या एका कारखान्यात झाला. काळा, गरम गोळा दोन साच्यांमध्ये ठेवायचा आणि दाबायचा, की झाली रेकॉर्ड. पापड लाटायला याहून जास्त वेळ लागतो. माझ्यावर जी गाणी उमटवली ती 'कॉपर जिराफ' नावाच्या विलायती रॉक बँडची. चार लांब केसांची माणसं, आणि चौघांच्याही तोंडावर शेजारी कोणीतरी वारल्यासारखे भाव. नावात जिराफ, पण कव्हरवर घोडा. का, ते मला विचारू नका. मी नुकती थंड होत होते.

आमच्या भारतीय प्रती फार थोड्या निघाल्या, कारण त्या खपल्याच नाहीत. आज लोक डोळे मोठे करून सांगतात की ही प्रत अत्यंत दुर्मिळ आहे. दुर्मिळ म्हणजे काय, तर तेव्हा कोणी घेतली नाही.

मला घेतलं अल्फान्सोने. ठाण्यातल्या ख्रिस्ती गावठाणातला हा तरुण एका कंपनीत फिटर होता आणि त्याच्या पँटीच्या पायात दोन माणसं मावली असती. त्याने मला घेतलं ते घोड्यामुळे. त्याला वाटलं, काउबॉयच्या पिक्चरची गाणी असतील. घरी आणून लावलं तर घोडा कुठेच नाही. पण पैसे गेले होते, म्हणून तो रोज लावायला लागला, आणि रोज लावल्यामुळे त्याला मी आवडायला लागले. त्याची बायको सबीना हिच्याशीही त्याचं तसंच जमलं होतं, असं तीच सांगते.

माझ्या दुसऱ्या बाजूला तिसरं गाणं आहे. सगळं रामायण त्या गाण्याचं. गाणं घटस्फोटावर आहे. एक माणूस बायकोला सांगतो की बाई, तू कपाट घे, पण मला सोड. गावठाणात हे अजून कोणालाही माहीत नाही आणि तुम्हीही सांगू नका.

अल्फान्सोच्या थोरल्या मुलाचा बाप्तिस्मा होता. सकाळपासून घरात पाहुणे. इंद्याल, म्हणजे आमचा आंबट-तिखट रस्सा, त्यासाठी आणलेला कोंबडा सबीनाच्या हातून सुटला आणि घरात शिरला. मी तेव्हा तिसरं गाणं गात होते. तो खुर्चीवर, खुर्चीवरून टेबलावर, टेबलावरून थेट माझ्यावर. सांगायला लाज वाटते, पण तो माझ्यावर उभा राहून फिरला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मग त्याचा तोल गेला आणि त्याने नखं रोवली. दुपारी त्याचं इंद्याल झालं. मला न्याय मिळाला, पण ओरखडा राहिला.

तेव्हापासून त्या गाण्यात मी अडकते. गिटारचा एक तुकडा आहे, टॅरॅ-रॅ-टॅ, तिथे सुई पोचली की टॅरॅ-रॅ-टॅ, टॅरॅ-रॅ-टॅ, असं चालूच. अल्फान्सो काही लगेच उठायचा नाही. तो चहा संपवायचा. कान खाजवायचा. मग सावकाश येऊन प्लेयरच्या लाकडी पेटीवर एक थाप द्यायचा, धप्प, की सुई पुढे उडी मारायची आणि घटस्फोट मार्गी लागायचा.

इथे दामाजी आला. खाडीवरच्या कोळीवाड्यातला हा माणूस क्लॅरिनेट वाजवायचा आणि त्याचा छोटा बँड होता. अल्फान्सोच्या बहिणीचं लग्न ठरलं होतं. आमच्याकडे लग्नाच्या आदल्या संध्याकाळी सगळे बँड लावून विहिरीवर जातात, हांडे भरून आणतात, आणि त्या पाण्याने नवरीची आंघोळ होते. त्याला म्हणतात उंबराचं पाणी. ते आल्याशिवाय लग्न नाही.

दामाजी म्हणाला, "अल्फान्सो, या टायमाला एक इंग्लिश वाजवतो. पावणे गार पडतील."

तो ओट्यावर येऊन बसायचा आणि मला ऐकायचा. दामाजीची एक खोड होती. तो ऐकलेलं जसंच्या तसं वाजवायचा, स्वतःची अक्कल अजिबात चालवायचा नाही. मोठा गुण आहे हा. मोठी पंचाईतही आहे. त्याने गाणं उचललं, गाण्यातलं अडकणं उचललं, आणि थापही उचलली. विहिरीवर बँड वाजायला लागला, टॅरॅ-रॅ-टॅपाशी येऊन अडकला, अल्फान्सोचा चहा संपायला लागतो तेवढा वेळ अडकून राहिला, आणि मग ढोलवाल्याने ढोलावर अशी धप्प दिली की काठावर उभी असलेली सबीना दचकली आणि तिच्या हातातला हांडा दोरासकट विहिरीत गेला.

सगळ्यांना वाटलं, असंच असतं.

मित्रांनो, प्रथा अशी पडते. पुढच्या लग्नात बायका हांडा धरून त्या थापेसाठी थांबल्या. त्याच्या पुढच्या लग्नात थापेआधी हांडा सोडणाऱ्या एका मावशीला चांगलीच बोलणी बसली. वर्षं गेली. पुढे एक अभ्यास करणाऱ्या बाई टेपरेकॉर्डर घेऊन आल्या आणि म्हणाल्या, ही चाल पोर्तुगीज येण्याच्याही आधीची असावी. मी तेव्हा त्याच घरात, त्यांच्यापासून हातभर अंतरावर, पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून काम करत होते.

हो, झाकण. कारण मध्ये कॅसेट आली, मग सीडी आली, मग काहीच आलं नाही आणि तरी गाणी वाजायला लागली. माझ्या कव्हराने सबीना सिगडीला वारा घालायची. घोडा आधी तपकिरी झाला, मग गेला. प्लेयर भंगारात गेला. पिंप बदललं तेव्हा मी पोटमाळ्यावर गेले, नाताळच्या गोठ्याच्या देखाव्याच्या, म्हणजे क्रिब्जच्या, एका फुटक्या खोक्यात, गाईगुरं आणि मेंढपाळांच्या शेजारी. तिथे निदान बोलायला माणसं होती, पण ती सगळी एकाच विषयावर बोलायची.

मला खाली आणलं ते अल्फान्सोच्या नातवाने, ॲरनने. हा डोंबिवलीत मानपाड्याला राहतो आणि कॉपर जिराफच्या वस्तू जमवतो. त्याची सुरुवात अशी झाली की एकदा त्याच्या मोबाइलवर अचानक आपल्या गावठाणातल्या विहिरीचं गाणं इंग्रजीत लागलं. तो हादरला. शोधता शोधता पार वेडा झाला. आता त्याच्या खोलीत बँडच्या ड्रमरने मोडलेल्या काठीचा तुकडा आहे, गिटारची तुटलेली तार आहे, बेसवाल्याच्या कोटाचं बटण आहे, आणि गायकाने तोंड पुसलेला कागदी रुमाल फ्रेम करून लावला आहे. त्याची आई रोज त्याच्याखाली उभी राहून कपड्यांच्या घड्या घालते आणि रोज म्हणते, "कोणाचं उष्टं आहे, देव जाणे."

दामाजीबद्दल ॲरनचं पक्कं मत होतं. "म्हातारा मध्येच विसरायचा," तो सगळ्यांना सांगायचा. "पुढचं आठवेपर्यंत तेच तेच वाजवायचा. ओरिजिनलमध्ये असं काही नाहीच आहे." दामाजी तोवर देवाघरी गेला होता आणि त्याचा बँडही मोडला होता, त्यामुळे हे मत खोडायला कोणी नव्हतं. मला कोणी विचारलं नाही.

ॲरनने मला क्रिब्जच्या खोक्यातून काढलं आणि उजेडात धरलं. "मोठे पपा, ही इंडियन प्रेसिंग आहे. तुम्हाला माहितीये का तुमच्याकडे काय आहे?"

अल्फान्सो म्हणाला, "मना वाटला, ती पिंपाबरोबर गेली."

मी मात्र फुलून गेले. इतक्या वर्षांनी एक माणूस मला छातीशी धरून मानपाड्याला घेऊन चालला होता. आता प्लेयर. आता सुई. आता गाणं.

कसलं काय. त्याने मला ठेवलं टेबलावर आणि बोलावलं सुमितला. सुमित म्हणजे त्याचा मित्र, रेकॉर्ड तपासण्यातला शहाणा. डोक्याला टॉर्च बांधून आला. मला एका द्रावणाने आंघोळ घातली आणि बराच वेळ निरखलं.

"लेबलवर हे काय?"

"तेल असेल. नाहीतर बाटली मसाला."

"आणि हा ओरखडा? मांजर?"

"माहीत नाय रे."

"भाई, ही रेकॉर्ड नाय. हा पोलीस केसमधला पुरावा वाटतो." त्याने टॉर्च बंद केला. "वाजवू पण नको. सुईची वाट लागेल. घड्याळ कर."

"घड्याळ?"

"मस्त दिसतात. मध्ये भोक मोठं करायचं, मशीन बसवायचं, काटे लावायचे. मी करून देतो."

ॲरनचा चेहरा उजळला. त्याच्या चुलत बहिणीचं, शेरॉनचं लग्न महिन्यावर आलं होतं. मोठ्या पपांच्या रेकॉर्डचं घड्याळ, यापेक्षा चांगलं प्रेझेंट कोणतं? मला भोक आधीपासून आहे, मित्रांनो. ते लहान पडतं म्हणे. जन्मापासून एका भोकावर संसार केलेल्या बाईला असं ऐकवायचं.

वाजवण्यासाठी, म्हणजे न वाजवण्यासाठी, त्याने इंग्लंडहून दुसरी प्रत मागवली होती. तीच गाणी, तोच घोडा, आणि जन्मापासून प्लास्टिकमध्ये सीलबंद. ॲरन रोज तिला कपाटातून काढायचा, प्लास्टिक पुसायचा, प्लास्टिककडे बघायचा आणि परत ठेवायचा. मी एकदा तिला विचारलं, "बाई, तुझा आवाज कसा आहे गं?"

ती म्हणाली, "ठाऊक नाही. पण माझे कोपरे बघ."

लग्न जवळ आलं तसा शेरॉनचा फोन आला. बँड ठरला होता, विठ्ठलवाडीच्या महिपतचा. माणसं चांगली, कोट लाल, पण विहिरीचं गाणं त्यांना माहीत नव्हतं. "तुझ्याकडे ते असेल ना? महिपतना पाठव. अँड ॲरन, प्लीज, शहाणपणा नको. मला सेम टू सेम पाहिजे. मोठी ममा हांडा धरणारे, तिचे गुडघे बघतोयस ना? पुढच्या लग्नाला ती विहिरीपर्यंत चालेल की नाही, देव जाणे."

"सेम टू सेम," ॲरन म्हणाला, आणि त्याने महिपतला एकदम स्वच्छ, परदेशी, न अडकणारं गाणं पाठवलं. इतक्या वर्षांची चूक सुधारण्याची संधी होती. माणूस सुधारायला निघाला की त्याला कोणी अडवू नये, आपण बाजूला व्हावं. पण मी बाजूलाही होऊ शकत नाही. मी गोल आहे.

माझं घड्याळ एमआयडीसीतल्या एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये व्हायचं होतं. पण सुमित गेला तो शुक्रवारी, आणि शुक्रवारी तिकडची वीज बंद. म्हणून तो उंबराच्या पाण्याच्या दिवशी बॅटरीवरचं ड्रिल पिशवीत घालूनच ठाण्याला आला. ॲरननेही मिरवायला आपला सुटकेससारखा दिसणारा छोटा प्लेयर आणला होता. संध्याकाळी सगळे विहिरीकडे निघाले तेव्हा सुमित मला घेऊन ओट्यावर मागे थांबला. लोक परत येईस्तोवर घड्याळ तयार ठेवायचं होतं. त्याने पांढऱ्या पेन्सिलीने माझ्या तोंडावर बारा, तीन, सहा आणि नऊ लिहिलं.

विहीर ओट्यापासून हाकेवर. मला सगळं ऐकू येत होतं. महिपतचा बँड सुरू झाला. काय वाजवत होते. माझ्याहून बरं, खरं सांगते. टॅरॅ-रॅ-टॅ आलं, गेलं, पुढचं आलं, तेही गेलं, गाणं संपलं.

शांतता.

महिपतला वाटलं, लोक भारावून गेले. त्याने परत वाजवलं. परत संपलं. हांडे तसेच.

"थाप कुठंय?" सबीनाचा आवाज.

"कसली थाप, मावशी?"

"थाप. धप्प. ती झाल्याबिगर हांडा कसा सोडू?"

"गाण्यात थाप नाय हो. हे बघा, साहेबांनी पाठवलंय."

साहेब म्हणजे ॲरन. तो पुढे झाला. "मोठी ममा, हेच ओरिजिनल आहे. ते अडकणं वगैरे दामाजी अंकलची मिस्टेक होती."

"तुझा ओरिजिनल तुझ्या घरी," सबीना म्हणाली. "माझ्या नणंदेला थाप, माझ्या दोन्ही पोरींना थाप, आणि या पोरीलाच नाय? तिनं काय केलंय?"

शेरॉन ॲरनला एवढंच म्हणाली, "सेम टू सेम सांगितलेलं ना मी तुला." ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

मग प्रत्येकाने महिपतला थाप समजावायला सुरुवात केली. एक मावशी म्हणे, सुरुवातीला अडकतं. दुसरी म्हणे, शेवटी. एका काकांनी भलत्याच गाण्याची चाल गायली आणि त्यावर ठाम राहिले. महिपतच्या लोकांनी पाच-सहा ठिकाणी अडकून दाखवलं. प्रत्येक वेळी अर्धे लोक म्हणाले हां, आणि अर्धे म्हणाले छे. सबीनाने हांडा काही खाली ठेवला नाही.

इकडे सुमितने ड्रिल सुरू केलं. मित्रांनो, दाताच्या डॉक्टरकडे गेला असाल तर तो आवाज तुम्हाला माहीत आहे.

तिकडे अल्फान्सो गर्दीतून पुढे आला. तो म्हणाला, "तो दामाजी काय विसरला नव्हता. माझी रेकॉर्डच अडकायची. कोंबड्यानं खराब केलेली. त्यानं तीच ऐकली."

ॲरन म्हणाला, "मोठे पपा, हे तुम्ही कधी बोलला नाहीत."

"तू कवा विचारलंस? तू मना प्रेसिंगचा साल विचारलंस."

ॲरन ओट्यावर आला तेव्हा ड्रिलचं टोक माझ्या लेबलला टेकलं होतं.

"सुमित, बंद कर. ती हवीये."

"घड्याळ तयार होतंय ना."

"घड्याळ नको. स्क्रॅच हवाय."

सुमितने ड्रिल बंद केलं आणि त्याच्याकडे नीट बघितलं. "तू बरा आहेस ना?"

सुटकेस विहिरीच्या कठड्यावर उघडली. मला ठेवलं. आणि इतक्या वर्षांनी, तोंडावर बारा, तीन, सहा, नऊ घेऊन, सगळ्या गावठाणासमोर मी गायला लागले. आवाज कुरकुरीत झाला होता, पण होता. टॅरॅ-रॅ-टॅ जवळ आलं. सगळे पुढे वाकले.

आणि मी अडकले नाही.

सरळ पुढे गेले. सुमितच्या त्या आंघोळीने मी इतकी स्वच्छ झाले होते की सुई लोण्यावरून गेल्यासारखी गेली. आयुष्यभर अडकते म्हणून ज्यांनी नाकं मुरडली, तेच लोक आता अडकत नाही म्हणून माझ्याकडे बघत होते. माणसाचं करायचं तरी काय? मी परत गायले. परत सरळ. ॲरन सुई उचलायचा, ठेवायचा, आणि त्याच्या कपाळावरचा घाम माझ्यावर पडेल की काय, अशी मला धास्ती. "ये ना गं," तो माझ्याशी पुटपुटला. पहिल्यांदाच एखादा जिवंत माणूस माझ्याशी बोलला होता, आणि तेही मी बिघडावं म्हणून.

अल्फान्सोने वाकून प्लेयरकडे बघितलं. "हा सरळ उभा हाय," तो म्हणाला. "आपला टेबल लंगडा होता."

त्याने शेजारच्या टोपलीतून एक फुगा घेतला. तळलेला, गोल, लग्नाचा पाव. तो त्याने सुटकेसच्या एका कोपऱ्याखाली सरकवला. मी कलले. सगळं जग जरा डावीकडे गेलं, जसं पूर्वी असायचं. सुई आली, कोंबड्याच्या नखापाशी घसरली, मागे गेली.

टॅरॅ-रॅ-टॅ. टॅरॅ-रॅ-टॅ. टॅरॅ-रॅ-टॅ.

"हां," सगळे म्हणाले. या वेळी छे म्हणणारं कोणी नव्हतं.

महिपतने क्लॅरिनेट उचललं आणि माझ्याबरोबर अडकायला लागला. मग त्याने हळूच विचारलं, "किती वेळ अडकायचं?"

"सगळे कंटाळंपर्यंत," अल्फान्सो म्हणाला. "मग अजून थोडा."

सगळे कंटाळले. मग अजून थोडा वेळ गेला. मग महिपतच्या ढोलवाल्याने अशी काही धप्प दिली की फुगा चपटा झाला, सुई उडाली, आणि सबीनाने हांडा सोडला. आज ती दचकली नाही. तिने दोर हलकेच हातातून जाऊ दिला, खालून पाण्याचा आवाज येईपर्यंत. शेरॉन तिच्या खांद्याला धरून उभी होती. दोघी रडत होत्या, आणि माझ्यावर तो बिचारा माणूस बायकोला कपाट देऊन टाकत होता.

शेरॉनला शेवटी दुकानातलं घड्याळ मिळालं. त्यात कोणाचा जीव गेला नाही.

ॲरनने मला परत मागितलं. अल्फान्सो म्हणाला, "तुझ्याकडे एक हाय ना, चांगली, कागदातली?" तेव्हा ॲरनने घरी जाऊन तिचं प्लास्टिक फाडलं आणि तिला लावलं. सुटकेस प्लेयर मात्र त्याने इथेच ठेवला. मी आता अल्फान्सोच्या टेबलावर असते. टेबलाचा एक पाय अजून आखूड आहे आणि अल्फान्सो तो कोणाला दुरुस्त करू देत नाही. पेन्सिलीचे आकडे पुसले गेले, सहा सोडून.

महिपतचं मात्र मला कळत नाही. त्याला ती थाप आवडली. परवा मोहने गावात एका हळदीत त्याने तीच चाल वाजवली. शेरॉनने व्हिडिओ दाखवला. बँड अडकला, आणि हातात हळद घेतलेली करवली तशीच थांबली. मागून एक आजी तिला म्हणाली, "थांब गं. थाप पडू दे. आपल्यात तसंच असतं."

मित्रांनो, मी काय बोलणार? एवढंच सांगते. तुमच्या घरात काही जुनं असेल आणि ते अजून वाजत असेल, तर त्याला पिंपावर ठेवू नका, फ्रेम करू नका, भोकं पाडू नका. लावा. ऐका. मध्येच अडकलं तर लगेच उठू नका, चहा संपवा. मग जवळ जाऊन एक थाप द्या. हळू द्या. आम्हालाही लागतं.